लिवर पाडायला माणूस

नानांना रोज सकाळी एक माणूस लागायचा. चहाला नाही, गप्पांना नाही. इंजिन चालू करायला. त्यांच्या अंगणात डिझेल इंजिनावर चालणारं जुनं वेल्डिंग मशीन होतं. एका टोकाला दोन सिलिंडरचं इंजिन, दुसऱ्या टोकाला डायनॅमो, खाली लोखंडी चाकं. एकाने हँडल मारून इंजिनाला वेग द्यायचा आणि वेग आला की पलीकडून दुसऱ्याने सिलिंडरवरचे दोन्ही लिवर पाडायचे. तेव्हा कुठे ते काळा धूर सोडून सुरू व्हायचं. एकट्याचा हात दोन्हीकडे पोचत नसे.

मी पारोळ्यात त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब सांभाळतो, वेळेवर निघतो. पायात चपला घालतो न घालतो तोच हाक यायची, "भाऊ, लिवर!"

आधी लिवर अक्कांकडे होते, म्हणजे नानांच्या बायकोकडे. भाकरी थापता थापता त्या उठून यायच्या, पिठाच्या हाताने लिवर पाडायच्या आणि तव्यावरची भाकरी करपायच्या आत परत चुलीशी जायच्या. मशीन दुरुस्त झालं त्यातही त्यांचा वाटा होता. नानांनी तरुणपणी धरणाच्या कामावर अशाच मशीनवर वेल्डिंग केलं होतं. म्हातारपणी धुळ्याच्या भंगारात तसंच एक दिसलं आणि ते टेम्पोत घालून घरी आणलं. इंजिन जाम, डायनॅमोत उंदरांची घरटी. नानांनी तांब्याच्या नव्या तारेची वेटोळी भरली, त्यांना व्हार्निश लावलं आणि ती वाळत घातली अक्कांच्या बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या खाटेवर. अक्का म्हणायच्या, "एखादा दिन मी बिबड्या समजीसन तुमनी कॉइल तयसू, मंग बठा जेवाले!"

त्या मशीनवर नानांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे हूक जोडले, विहिरींचे पाइप जोडले. जिथे वीज पोचत नाही अशा शेतांतून त्यांना बोलावणं यायचं. पुढे हातात धरून नेता येणारी छोटी मशीनं आली आणि बोलावणं कमी झालं. समोरून एखादा पोरगा असं मशीन पिशवीत लटकावून गेला की नाना विचारायचे, "हाऊ वेल्डिंग कराले चालना का भाजी लेवाले?" मी हसायचो. पण अंगणात येणारं काम दिसत होतं: एखादी खुर्ची, एखादं बिजागर. अक्का गेल्यावर तेही थांबलं. तरी इंजिन रोज सुरू व्हायचंच.

मला राहवेना. एकदा म्हणालो, "नाना, काम नाही तर रोज डिझेल का जाळता? आठवड्यातून एकदा फिरवलं तरी मशीन नीट राहील."

"तू हिशेबना माणूस. देवना दिवामा तेल टाकस, तव्हय हिशेब करस का रे?"

पुढे एकदा मी त्यांना सेल्फ बसवायला सुचवलं. बटण दाबलं की इंजिन चालू. नाना फडक्याने हात पुसत राहिले आणि खाली बघूनच म्हणाले, "सेल्फ बसाडा ते मंग मना दारवर कोन येई?"

मी हे कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या मुलालाही ते ठाऊक नव्हतं. दिवाळीला तो सुरतेहून आला, त्याने बापाला गल्लीत उभं राहून मला हाका मारताना पाहिलं आणि धुळ्याहून मिस्त्री आणून सेल्फ बसवून दिला. "नाना, आता कुणाची मिनतवारी नको. बटण दाबा," म्हणाला. मुलगा चांगला होता. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी चपला घालत असताना पलीकडे इंजिन सुरू झालं. हाक आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भिंतीवरून पाहिलं तर इंजिन चालू होतं आणि नाना वेल्डिंगची कांडी धरायचा होल्डर रिकामाच मांडीवर घेऊन शेजारी बसले होते.

मग एका सकाळी हाक आली. "भाऊ, बॅटरी उतरी गई."

मी गेलो. बॅटरीची वायर सोडवून बाजूला ठेवलेली होती आणि पाना नानांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावत होता. मी वायरीकडे पाहिलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं.

"नवी बॅटरी अशी कशी उतरली हो नाना?"

"आजकालना मालच असा शे."

मी डब्याची पिशवी खाली ठेवली आणि लिवर धरले. त्यानंतर ती बॅटरी रोज उतरत गेली.

पुढे नानांचा खांदा पार निकामी झाला तेव्हा मुलगा त्यांना सुरतेला घेऊन गेला. मशीन भंगारात द्यायला मात्र नानांनी साफ नकार दिला आणि अंगणाची किल्ली माझ्याकडे ठेवली. गेल्या थंडीत ते तिकडेच वारले. मी अंत्यविधीला पोचू शकलो नाही. त्याआधी एकदा त्यांचा फोन आला होता. मी प्रकृतीचं विचारलं, त्यांनी मशीनचं.

"मशीन चालू करस ना?"

"नाही नाना. बॅटरीची वायर तुम्ही कुठे ठेवली, सापडत नाही. लिवर मी पाडीन, पण हँडल मारायला कोण आहे?"

पलीकडे कुणाचा तरी टीव्ही चालू होता.

"दुसरा कोन्हाले बलावू नको," नाना म्हणाले. "थांब तू. मी येस."