अण्णांसमोरचं जर्मन

आमच्या जर्मनच्या क्लासमध्ये आजवर जर्मन किती आलं ते विचारू नका. किस्से मात्र इतके गोळा झालेत की एक सांगायला घेतला तर दुसरा मधेच घुसतो! लातुरात एका मोबाईल शॉपीच्या वरती क्लास. आम्ही सगळे नर्सिंग झालेले. दिवसा दवाखान्यात ड्युटी, संध्याकाळी जर्मन. परीक्षा निघाली की जर्मनीतल्या हॉस्पिटलात नोकरी. लोक म्हणतात, नवीन भाषा शिकली की डोकं तेज होतं. होत असेल बाबा. पण त्याच्या आधी डोक्याचा जो भुगा होतो ना, तो आम्हाला विचारा.

*

पहिला मान अमोलचा. अमोल देगलूरचा. घरी मराठी अन् गल्लीत तेलुगू, असा वाढलेला. सुरुवातीलाच सरांनी त्याला उभं केलं, म्हणाले, तुझ्या गावाबद्दल जर्मनमध्ये सांग. आमची गाडी तेव्हा "माझं नाव" च्या पुढं सरकलेली नव्हती. अन् हा गडी सुरूच झाला! अडखळणं नाही, आठवणं नाही, सुसाट. आम्ही आ वासून बघतोय.

सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लई भारी अमोल. आता हेच जर्मनमध्ये सांग."

गडी सगळं तेलुगूत बोलला होता! अन् त्याला पत्ताच नाही. आईशप्पथ घेऊन सांगून राहिला, सर, मी जर्मनच बोलून राहिलो होतो.

सर म्हणाले, असं होतं. घरच्या भाषेचा डोक्यात वेगळा कप्पा असतो, बाकीच्या सगळ्या सुरुवातीला एकाच पोत्यात. घाईत हात घातला की हाताला लागेल ती बाहेर येते. बोलणाऱ्याला वाटतं, आपण बरोबर बोलतोय.

*

मी हसले होते अमोलला. मग माझा नंबर लागला. सकाळभर जर्मन शब्दांचं पाठांतर करून मी आईला मदत करायला किचनमध्ये गेले, अन् लाटणं हा शब्दच गायब! समोर कणीक आहे, पोळपाट आहे, तोंडातून शब्द निघेना. शेवटी म्हटलं, "आई, ती पोळ्या करायची गोल काठी कुठंय?"

आईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाली, "थांब, तीच घालते पाठीत, म्हंजी नाव आठवंल."

आठवलं की लगेच!

*

आता मनीषा. मनीषा आमच्या बॅचची टॉपर, गाव मुखेडच्या बाजूला. दवाखान्यात मोठमोठ्या पेशंटला दटावणारी, पण वडिलांसमोर, म्हणजे अण्णांसमोर, आवाज बंद. अन् नेमकं तिथंच घोडं अडलेलं. तिच्या मामानं उदगीरचं स्थळ आणलं होतं. मुलाचं मेडिकल, घर चांगलं, पण पोरीनं जर्मनीचं खूळ सोडायचं, ही अट. अण्णा होकार कळवायच्या बेतात. मनीषाला ते लग्न नको होतं. पण तसं अण्णांना सांगणार कोण?

त्या टेन्शनमध्येसुद्धा बाईचा अभ्यास सुरूच. वॉर्डात एका आजीची नाडी बघताना ती पुटपुटत जर्मनमध्ये आकडे मोजून राहिली होती. आजी डोळे मिटून, मोकळा हात छातीशी धरून पडल्या. दुसऱ्या दिवशी मी नाडी बघायला गेले, तर आजींनी हात पांघरुणात घेतला. म्हणाल्या, "तू नगं. ती मंतर टाकणारी सिस्टर बोलव. लई आराम पडला."

*

एकदा मनीषाची अन् अमोलची पंख्याखालच्या खुर्चीवरून जुंपली. क्लासमध्ये भांडण असो की काही असो, जर्मनच बोलायचं, हा सरांचा नियम. मनीषा तावातावानं उठली, अन् निर्लज्ज हा शब्द जर्मनमध्ये शोधत उभी राहिली. सापडेना. शेवटी दातओठ खात म्हणाली, "माफ करा, ही माझी खुर्ची आहे, कृपया." आम्हाला तेवढंच शिकवलेलं! अमोल तितक्याच रागानं म्हणाला, "होय. खुर्ची सुंदर आहे. धन्यवाद."

दोघंही फिसकन हसले. भांडण संपलं.

सर म्हणाले, "ज्या भाषेत आईबापाच्या शिव्या खाल्ल्या, रडलो, तिचा शब्द काळजाला लागतो. शिकलेल्या भाषेचा तेवढा लागत नाही. म्हणून तिच्यात भांडता येत नाही. पण अवघड गोष्ट बोलायला तीच सोपी जाते."

सगळे हसत होतो. मनीषानं तेवढं ते वहीत लिहून घेतलं.

*

शनिवारी ती एसटीनं गावाकडं गेली. पुढचं तिनंच आम्हाला सांगितलं.

सरांचा होमवर्क होता, घरातल्या कोणालाही समोर बसवून जर्मन बोलायचं, त्याला कळो न कळो. मनीषानं अण्णांना बसवलं. अण्णा अंगणात बाजेवर चहा घेऊन बसले. म्हणाले, "बोल, ऐकून राहिलो."

मनीषानं आधी पाठ केलेलं म्हटलं. माझं गाव, माझं कुटुंब, आमच्या दोन म्हशी. अण्णा मान हलवत होते. मग हिनं डोळे मिटले, अन् तशीच पुढं बोलत गेली. मला हे लग्न नको. मला जायचंय. तुमची लई भीती वाटते, म्हणून तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत सांगतेय. बोलता बोलता रडायला लागली, पण थांबली नाही. पोटातलं सगळं बाहेर काढलं. म्हणे, इतकं सरसर जर्मन मला आयुष्यात कधी आलं नव्हतं!

डोळे उघडले तर अण्णांचा चहा तसाच. ते उठले, मामाला फोन लावला. "बालाजीराव, त्या उदगीरच्या लोकांला न्हाई म्हणून कळवा. हाव, न्हाईच. पोरीला जर्मनीला जायचंय."

मनीषानं विचारलं, "अण्णा, तुम्हाला जर्मन कळतं?"

अण्णांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"जर्मन? डोळे मिटल्यावर ते कवा बोललीस?"