सव्वादोन की पावणेआठ

बाबांच्या वर्षश्राद्धाचं विचारायला गुरुजींना फोन केला, तर ते म्हणाले, "गेले ती नेमकी वेळ सांगा. त्या दिवशी दुपारी चारनंतर तिथी बदलत होती."

कागद काढला. कल्याणच्या ज्या लहानशा हॉस्पिटलात बाबा शेवटचे काही दिवस आयसीयूत होते, तिथल्या डेथ समरीवर छापलं होतं, दुपारी सव्वादोन. आईला हा कागद तोंडपाठ होता. त्या दिवशी सकाळी तिला पाच मिनिटं आत सोडलं, तेव्हा बाबांनी तिचा हात दाबला होता. त्या आनंदात ती ठाकुर्लीला घरी येऊन दुपारी अडीचला कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली आणि झोपली. "पेशंट सीरियस आहे, या," असा फोन आला रात्री आठला, आणि आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलेलं. म्हणजे नवरा गेलेला असताना आपण आमटीभात ओरपत होतो, हे तिनं मनाला लावून घेतलं. घरात आमटी शिजायची बंद झाली. मी समजूत घालायचो, ती मान हलवायची. पालथ्या घड्यावर पाणी.

मी मात्र तो कागद पहिल्यांदाच नीट वाचत होतो. सव्वादोनात साडेपाच तास मिळवले की पावणेआठ होतात. हा साडेपाचाचा आकडा मी झोपेतही ओळखेन. ठाण्यातल्या एका कंपनीत मी लिनक्स सर्व्हर सांभाळतो. सर्व्हरचं घड्याळ सहसा बरोबरच असतं. त्यावर चालणारं सॉफ्टवेअर मात्र आपण कुठल्या देशात आहोत हे सुरू होताना एका फाइलीवरून ताडतं. ती फाइल जागेवर नसली, तर ते कुणाला विचारत नाही, कुरकुरत नाही, सरळ ग्रीनिचची वेळ धरून कामाला लागतं. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दुरुस्ती एका ओळीची. आशिया, कोलकाता असं लिहायचं (त्या यादीत मुंबई नाहीच), आणि सॉफ्टवेअर बंद करून चालू करायचं. असल्या दीडशहाण्या प्रोग्रामांचा मला वीट आलाय.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून हॉस्पिटलात गेलो. तिथलं कॉम्प्युटरचं बघणारे गृहस्थ भले होते. "हो, एका अपडेटनंतर टायमाचा लोचा झालेला," ते म्हणाले. "मग केलं नीट."

"कधी?"

"आता काय आठवणार, साहेब? दोनतीनदा झालेलं तसं."

"जुने लॉग असतील ना?"

"डिस्क फुल झालेली. जुन्या नोंदी सगळ्या उडवल्या."

त्यांच्या शेजारी बसून मी सगळं चाळलं. फाइल जागेवर होती, वेळ बिनचूक होती. बाबांच्या दिवशी ती बरोबर होती की नव्हती, हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं. कागदावरची वेळ सॉफ्टवेअरनंच आपोआप टाकलेली, आणि तेव्हा ड्यूटीवर असलेली सिस्टर नोकरी सोडून गेलेली. जगाचे सर्व्हर सुधारणाऱ्या मला स्वतःच्या बापाच्या मरणाची वेळ काढता येत नव्हती. फार राग आला, आणि तो कुणावर काढायचा तेही कळेना.

घरी आलो तेव्हा आई मेथी निवडत होती. काय बोलायचं ते मी रिक्षातच ठरवलं होतं.

"आई, बाबा दुपारी नव्हते गेले. संध्याकाळी गेले, पावणेआठला. त्यांच्या सॉफ्टवेअरनं चुकीची वेळ छापली."

"नक्की?"

"अगं, माझं कामच आहे ते."

तिचा चेहरा असा सैल पडला, की खोटं तर खोटं, पण जमलं असं मला वाटलं. मग तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

"म्हणजे मी जेवून झोपले तेव्हा ते होते," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत होते. एकटेच. माझी वाट बघत असतील रे."