बेचाळिसावं गाणं

कानबाई, म्हणजे आमची खानदेशी श्रावणातली देवी, घरात बसण्याचा आदला दिवस, शनिवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. रक्कम – चौदा हजार रुपये. हजर – मी, माझी बायको सुनंदा आणि प्रकाशा गावाहून आलेली थोरली बहीण शकुताई. हे आधीच लिहितो, कारण भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही आणि आकडा चुकलेला मला चालत नाही.

चौदा हजार हा शहाद्याच्या दुकानदाराने फोनवर सांगितलेला भाव. लोणखेड्याच्या आमच्या घरातल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टक्-टक् करत बंद पडली होती. सुरतला पाठवावी लागेल, महिना लागेल, हमी नाही...

"नाना, इतलामा तं नवा कॉम्प्युटर ई जाई," शकुताई म्हणाली.

"नवामा माय शे का?" मी म्हणालो.

त्या डिस्कवर आमच्या आईची, मायची, एक्केचाळीस गाणी होती. कानबाईच्या जागरणाची. फोनवर रेकॉर्ड करून मी ती कॉम्प्युटरवर ठेवली होती, वहीत क्रमांक आणि तारीख घालून. पुढे फोन बदलला, दुसरी प्रत केली नाही – ही चूक माझीच. माय जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी दुखवट्यामुळे बसवली नव्हती; तिच्याशिवाय बसणारी ही पहिली कानबाई.

वहीत बेचाळीसपुढे मी 'बाकी' लिहिलं होतं. ते विदाईचं गाणं. सोमवारी कानबाई विसर्जनाला गोमाई नदीवर निघताना माय दारात ते म्हणायची, मग माझ्यापुढे हात करायची. मी अकरा रुपये ठेवायचो – आमच्या घरची रीत. एरवी म्हण म्हटलं की, "आज कानबाई जाई ऱ्हायनी का? मंग कशाले म्हनू?" आणि सोमवारी फोन काढला की डोळे वटारायची. शकुताईला, सुनंदाला पहिल्या दोनच ओळी येत होत्या; पुढचं वाजंत्रीत बुडायचं. ते गाणं गेलंच होतं. निदान एक्केचाळीस तरी जाऊ द्यायची नाहीत, एवढं ठरवून मी कॉम्प्युटरचा डबा उघडला.

दुकानातून डेटा केबल आणली, बदलली. टक्-टक् तशीच. सीडी ड्राइव्हची पॉवर पिन काढून डिस्कला लावली. तिसऱ्यांदा चालू केल्यावर डिस्क दिसली, अकरा मिनिटं चालली, गेली. हात लावला तर तापलेली. टेबल फॅन लावून अर्धा तास थंड केली. चौदा मिनिटं. पुन्हा थंड. सहा. नऊ. प्रत्येक फेरीला जमतील तितकी गाणी पेन ड्राइव्हवर.

"जेवी ल्या ना," सुनंदा म्हणाली. "ती डिस्क काय पळी जाई का?"

"पळीच जाई ऱ्हायनी," मी म्हणालो.

चार वाजता वही घेऊन मोजलं. एक्केचाळीस हवी होती. बेचाळीस होती.

शेवटच्या फाइलला नाव नाही, नुसता आकडा. तीन मिनिटं चाळीस सेकंद. लावली... मायचा आवाज. विदाईचं गाणं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मागे वाजंत्री नाही, माणसं नाहीत. गाणं संपल्यावर जरा थांबून – "दे रे नाना, मन्हा अकरा."

शकुताईने ती परत लावायला लावली आणि ओळी वहीत उतरवून घेतल्या.

फाइलची तारीख – दोन वर्षांपूर्वीच्या कानबाईचा सोमवार. त्या दिवशी माय नंदुरबारला दवाखान्यात होती, तोंडावर ऑक्सिजन. मी आणि सुनंदा तिच्याजवळ. घराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. त्या वर्षी गाणं झालं नाही, म्हणून अकरा रुपयेही दिले नव्हते. चौथ्या दिवशी ती गेली.

कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं असेल? बाकी एक्केचाळीस तारखा वहीशी जुळतात. आधी कधी कुणी चोरून रेकॉर्ड केलं असेल? मग वाजंत्री कुठे गेली? दुकानदार म्हणाला, बिघडलेली डिस्क फाइल घालवते, वाढवत नाही. डिस्क त्यानंतर एकदाही सुरू झाली नाही.

सोमवारी शकुताईने दारात ते गाणं अख्खं म्हटलं. मी अकरा रुपये पुढे केले. तिने हात मागे घेतला.

"माले नको. जिनी मांगात, तिले दे."

एकूण खर्च – केबलचे एकशे वीस, दुकानदाराला. अकरा रुपये, मायला; कानबाईबरोबर गोमाईत सोडले. वहीतलं 'बाकी' खोडलं.