पहिल्या टेबलावरच्या द्वारकाकाकू

द्वारकाकाकूंना कोणी स्पेनबद्दल विचारलं, की त्या समुद्रापासून सुरुवात करत नसत. विचारणाऱ्याला विमान, थंडी, गोऱ्या बायका आणि झालंच तर समुद्र ऐकायचा असे. काकू ऐसपैस मांडी घालून सांगायला लागत, "पह्यले सकाळी कुठं खाचं ते ऐक." मग मार्केटमागचं दुकान, मग समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, मग चर्चजवळच्या बोळातलं. कुठे काय मागवायचं, कशाला हात लावायचा नाही, सगळं यायचं आणि शेवटी न चुकता एक वाक्य : "अन् मी बसलती कुठं? दारातच." समुद्र राहिला की, असं कोणी म्हटलंच तर म्हणायच्या, "व्हता ना समोर. तो काय खाले देते का?"

मी कॉलेजात शिकवायला म्हणून पुसदला आले, तेव्हा त्यांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. काकूंचे यजमान पंचायत समितीत नोकरीला होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा प्रशांत परदेशात, आणि त्याच आवारात दुसऱ्या घरात दीर, नानाभाऊ. महागावकडची कापूस-सोयाबीनची शेती तेच पाहायचे आणि घराची अब्रूही तेच सांभाळायचे. यजमान होते तेव्हा दोन्ही घरांचा स्वयंपाक एकत्र होता. आधी पुरुष जेवत, मग मुलं, मग आलेगेले, मग शेतावरून आलेली माणसं. काकू सगळ्यांत शेवटी, तव्यापाशी, उभ्यानंच. यात त्यांना कुणाबद्दल तक्रार नव्हती. "कोनी मले उपाशी नाई ठेवलं," हे त्या स्वतःच सांगत. स्वभावाने मात्र त्या गरीब वगैरे अजिबात नव्हत्या. बाजारात वांगं हातात घेऊन त्या विकणाऱ्याकडे अशा बघत, की तो बिचारा दुसरं वांगं काढून द्यायचा.

प्रशांत असतो ते शहर आल्मेरिया. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं. त्याच्या आसपास कोसच्या कोस प्लॅस्टिकच्या छपराखाली टमाटे पिकवतात, आणि प्रशांत तिथल्या एका बियाण्यांच्या कंपनीत आहे. त्याने आईला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत, आणि काकू चौथ्या मजल्यावर. विजेच्या शेगडीशी त्यांचं पहिल्याच दिवशी वाजलं. मग त्या रोज सकाळी खाली उतरून फिरायला लागल्या. एक दिवस गुडघा दुखला म्हणून दिसेल त्या खुर्चीवर बसल्या. ती खुर्ची हॉटेलची होती. आयुष्यात एकट्याने हॉटेलात बसण्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही नकळत.

त्यांनी "पानी" म्हणून अंगठा ओठांशी नेला. एका जाडजूड बाईने पाण्याची बाटली आणली आणि तिच्याबरोबर एक छोटी बशी. बशीत बटाटा घातलेल्या जाड आम्लेटचा तुकडा आणि पाव. अंडं काकूंना चालायचं. पण हे तर मागवलंच नव्हतं. आपल्याकडे न मागता बशी भरून आली, तर ती शेजाऱ्यांनी पाठवलेली असते, दुसरा अर्थच नाही. काकूंनी अर्धं खाल्लं, अर्धं नातवासाठी ठेवलं, पाण्याचे पैसे दिले आणि पदराने झाकून बशीसकट घरी निघाल्या. ती बाई दारात येऊन मोठ्याने काहीतरी म्हणाली. काकूंना वाटलं, सावकाश जा म्हणते. त्यांनी हात हलवला.

संध्याकाळी प्रशांतने कपाळावर हात मारला. "आई, ते दुकान आहे! पाण्यासोबत थोडं खायला द्यायची इथं पद्धतच आहे. तू त्यांची प्लेट उचलून आणली."

"देतात ना? मंग देनंच झालं," काकू म्हणाल्या.

बशी परत करायची तर होतीच. पण रिकामं भांडं परत कसं न्यायचं? पुसदहून नेलेला चिवडा त्यांनी बशीत शीग लावून भरला आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईसमोर ठेवला. तिचं नाव पिलार. तिने चिमूटभर तोंडात टाकला, तिला ठसका लागला, ती पाणी प्यायली आणि तिने पुन्हा बशीत हात घातला. मग ती बशी तिने सरळ काउंटरवर गिऱ्हाइकांसाठी ठेवली. "दुपारवर साफ!" काकू सांगायच्या. "टमाट्याच्या शेडवरचे गडीबी खाऊन गेले." तिथून पुढे ती बशी तीन महिने इकडून तिकडे फिरत राहिली. काकू वऱ्हाडीत बोलत, पिलार तिच्या भाषेत. समजायचं कसं, असं मी विचारलं होतं. "समजे. भांडनाची गोष्ट नव्हती, म्हनून समजे."

पिलारचं दुकान काकूंच्या यादीत पहिलं. दुसरं समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. तिथे वांग्याचे काप तळून वर काकवी ओतून देतात. ऊस पिकवणाऱ्या, वांग्यावर जीव टाकणाऱ्या मुलखातल्या काकूंना हे फार लागलं. "वांगं आपल्या वांग्याइतकं नाई, हे सांगून ठेवते. पन काकवी टाकाची अक्कल आपल्याले काहून नाई आली?" तिसरं बोळातलं. ढग आले की तिथे एक खास पदार्थ करतात, रवाळ पीठ लसूण घालून तेलात परतून मोकळं केलेलं, सोबत तळलेल्या मिरच्या. काकूंनी पहिला घास घेतला आणि निकाल दिला, "उकरपेंडीच हाय." सोबत मासळी असायची. ती त्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे सरकवत. तोही घेत असे म्हणे. सकाळी साच्यातून पाडून तळलेल्या लांब कांड्या घट्ट चॉकलेटात बुडवून खाण्याची जागा मात्र त्यांना पटली नाही. "सकाळी सकाळी इतकं गोड कोन खाते बापा?"

मुलाने एकदा मोठ्या हौसेने समुद्रासमोरच्या भारी हॉटेलात नेलं होतं. पांढरे टेबलक्लॉथ, मेणबत्त्या. तिथे थंडगार टमाट्याचं सार आलं. काकूंनी ते गरम करून आणायला सांगितलं, तर वेटर हसला. ते हॉटेल यादीतून कायमचं गेलं. पण माझ्या मते सार हे काही खरं कारण नव्हतं. त्या हॉटेलात काकू मध्ये बसल्या होत्या, सून आणि नातवाच्या मधोमध, आणि काय मागवायचं ते प्रशांतने ठरवलं होतं. त्यांच्या आवडीच्या सगळ्या जागी त्या एकट्याच गेलेल्या होत्या. तिथे त्यांना कोणी, किती जण आहात, असं विचारलं नव्हतं.

त्या परत आल्या आणि पहिल्याच गुरुवारी, बाजाराची पिशवी घेऊन, बसस्टँडजवळच्या सलीमभाईंच्या हॉटेलात शिरल्या. तिथला आलुबोंडा आणि रस्सा आख्ख्या गावाला माहीत आहे. मी पार्सलसाठी उभी होते. सलीमभाई लगबगीने पुढे आले. "आओ काकी, आओ. फॅमिली रूम रिकामीच हाय, आत बसा आरामात."

फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडच्या आडोशामागची जागा. तिथे एक टेबल, न फिरणारा पंखा आणि कांद्याची पोती. बाईमाणूस आलं की आत, हा आमच्याकडचा शिरस्ता. काकू आत डोकावल्या आणि तशाच बाहेर आल्या.

"आत कोन हाय सलीम? कांदे. मी कांद्यासंग बोलू का?"

आणि त्या रस्त्याकडे तोंड करून पहिल्या टेबलावर बसल्या. शेजारच्या टेबलावरचे ड्रायव्हर आपापल्या प्लेटा उचलून मागे सरकले. कोणी वावगा शब्द काढला नाही, हे सांगायला हवं. सगळे चांगलंच वागत होते. त्या चांगल्या वागण्यापायीच तर तो आडोसा उभा राहिला होता. काकूंनी सावकाश बोंडा खाल्ला, रस्सा पुन्हा मागून घेतला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बसगाड्या पाहत बसल्या.

त्या घरी पोचण्याआधी बातमी पोचली. नानाभाऊ फाटकातच उभे होते. "वहिनी, घरात खाले नाई का? लोकं काय म्हनतीन? भाऊ गेला अन् यानं वहिनीले उपाशी ठेवलं, असंच म्हनतीन ना?" नानाभाऊ वाईट माणूस नव्हते. काकूंच्या आजारपणात दवाखान्यात रात्र रात्र तेच बसले होते. "काय पाह्यजे ते सांगा, मी पारसल आनून देतो," ते म्हणाले, आणि शब्दाला जागले. गुरुवारी गरम बोंड्यांचं पुडकं आणि पिशवीत बांधलेला रस्सा घरपोच यायला लागला. काकू ते सगळं भिंतीवरून मला देऊन टाकत. काही आठवडे माझी चंगळ झाली. शेवटी एकदा त्या नानाभाऊंना म्हणाल्या, "भाऊजी, पारसलमंधी आलुबोंडा येते. रस्ता येत नाई."

मग नानाभाऊंनी सलीमभाईंना गाठलं. पुढच्या गुरुवारी काकू गेल्या, तर पहिल्या टेबलावर कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचे क्रेट रचलेले. सलीमभाई उगाच कढईत झारा फिरवत होते. काकूंनी क्रेटकडे पाहिलं, सलीमभाईंकडे पाहिलं, प्लेट मागितली आणि काउंटरला टेकून उभ्याच खायला लागल्या.

"काकी, असं नका करू. आत बसा ना," सलीमभाई काकुळतीला आले.

"राहू दे. उभ्यानं खाची सवय हाय मले. जलम गेला तव्यापाशी उभं राहून."

सलीमभाईंना ते बघवलं नाही. पोऱ्याला हाक न मारता त्यांनी स्वतःच एकेक क्रेट खाली उतरवलं, टेबल पुसलं आणि खुर्ची ओढून दिली. "नानासेठला मी सांगतो काय सांगायचं ते," म्हणाले. काय सांगितलं, ते मला माहीत नाही. पण त्यानंतर गुरुवारी ते टेबल मोकळंच असायचं, आणि नानाभाऊ गुरुवारी त्या रस्त्याने जाताना मान दुसरीकडे वळवायचे.

दिवाळीत प्रशांत आला तो आईला कायमचं न्यायचं ठरवूनच. कागदपत्रांची चौकशी करून आला होता. गंमत म्हणजे नानाभाऊही त्याच्याच बाजूने. "तिथंच जा वहिनी. तिथं पाह्यजे तिथं बसा, कोनाले काही वाटत नाई." मलाही ते पटत होतं. पिलार होती, काकवीची वांगी होती, मुलगा-नातू होते. मी तर गेले असते. काकू गव्हातले खडे निवडत ऐकत होत्या.

"बाबू," त्या प्रशांतला म्हणाल्या, "तिथं मले कोन ओयखते? पिलार अन् तिचं कुत्रं. तिथं दारात बसनं लय सोपं हाय. मले इथं बसाचं हाय, जिथं सारे ओयखतात."

प्रशांत एकटाच परत गेला. जाताना तो माझ्यावरही थोडा नाराज होता, मी त्याच्या बाजूने जोर लावला नाही म्हणून. पण ते उत्तर मला जास्त पटलं होतं. मला काकूंचा अभिमान वाटला होता, आणि तो मी त्यांना कधी बोलून दाखवला नाही.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. आजार थोड्या दिवसांचा होता. तेरवीला गावातली पुष्कळ माणसं आली, सलीमभाईही आले. प्रत्येक जण त्यांच्या हातच्या चवीबद्दल बोलत होता. माझ्या डोळ्यांसमोर मात्र आदल्या वर्षीचा एक गुरुवार होता.

त्या दिवशी नानाभाऊंच्या घरची मंडळी लग्नाला महागावला गेली होती. नानाभाऊ सकाळपासून कापसाच्या गाडीमागे बाजारात अडकलेले. दुपार कलली तरी पोटात काही नाही. मी काकूंच्या समोरच बसले होते, नुकताच चहा मागवला होता. नेहमीसारखी मान वळवून नानाभाऊ रस्त्याच्या पलीकडून चालले होते. काकूंनी हाक मारली, "भाऊजी! या, बसा."

रस्त्यावरच्या चार माणसांनी वळून पाहिलं. नानाभाऊ थांबले. "घरी जाऊन खातो मी."

"घरी कोन हाय करून द्याले? मीच. अन् मी तं इथं बसली हाय."

त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग रस्ता ओलांडून ते आले आणि रस्त्याकडे पाठ करून खुर्चीच्या कडेवर बसले. सलीमभाई गरम प्लेट घेऊन येतच होते. त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि प्लेट ठेवली ती नानाभाऊंच्या पुढ्यात. नानाभाऊंचा हातही तिच्याकडे गेला.

"सलीम," काकू शांतपणे म्हणाल्या, "ते प्लेट मी सांगतलती."

सलीमभाई जागच्या जागी उभे राहिले. नानाभाऊंनी प्लेटकडे गेलेला हात मागे घेतला. मग त्यांनी दोन बोटांनी ती हळूच काकूंच्या पुढ्यात सरकवली.

"खा वहिनी," ते म्हणाले, "गरम हाय तवर खा."

काकूंनी बोंडा फोडला. आतून वाफ निघाली. त्या खायला लागल्या, आणि नानाभाऊ आपली प्लेट येईपर्यंत बसून राहिले.