नानांनी पाहिलेलं विमान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून एरवी चोरून ओढलेली बिडीसुद्धा लपत नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. समोर तोंड नसलं की बोलायला बरं पडतं.

आता मी धुळ्याला बुकिंगच्या खिडकीमागे बसतो, जाड भिंगांचा चष्मा लावून. पण चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास मी भुसावळला होतो, मालगाडीवर असिस्टंट. माझे ड्रायव्हर होते नाना. पाचोऱ्याकडच्या खेड्यातले, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, पान खाऊन ओठ कायम लाल. मला त्यांनी हाताला धरून काम शिकवलं. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल उगाच बरं वाटायला नको.

मालगाडीचं काम म्हणजे निम्मं थांबण्याचं. एक्स्प्रेस पुढे सोडायची म्हणून आम्हाला कुठल्याशा लहान स्टेशनात लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, घालायचे आणि विसरून जायचे. तीन-तीन तास. बाकीचे ड्रायव्हर झोपा काढायचे. नाना आभाळाकडे बघत बसायचे. आमच्या डोक्यावरून विमानं जायची, फार उंचावरून. भुसावळच्या जुन्या बाजारातून नानांनी एक दुर्बीण आणली होती, एका बाजूचं भिंग ओरखडलेली. आणि एक वही. तारीख, वेळ, दिशा, किती रेघा.

रेघांचं त्यांना भारी वेड. मोठ्या विमानामागे चार रेघा उमटतात. थोड्या वेळात त्यांच्या दोन होतात. मग त्या दोन एकमेकींकडे झुकतात, वळवळतात आणि शेवटी तुटून त्यांच्या कड्या-कड्या होतात. नानांचं म्हणणं असं की पंखांच्या टोकांशी हवा पिळली जाते, आणि विमान निघून गेलं तरी ती मागे पिळतच राहते; वाफेमुळे आपल्याला दिसते इतकंच. मेल धडधडत गेल्यावर फलाटावरचे कागद गरगरतात, तसंच हे. शाळा सातवीपर्यंत, पण हे त्यांनी नुसतं बघून बघून काढलं होतं.

आता एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. गाडीवर सिग्नल दिसला की असिस्टंटने मोठ्याने पुकारायचा — "हिरवा". ड्रायव्हरने स्वतः बघून परत म्हणायचं — "हिरवा". एकट्याने पाहिलेलं धरत नाहीत. नानांनी हाच कायदा विमानांना लावला होता. ते पुकारायचे, "चार रेघा, पूर्वेला." मी म्हणायचो, "चार रेघा, पूर्वेला." मगच वहीत नोंद.

आणि मी काय करायचो? न बघता म्हणायचो. वर्षभरापासून मला लांबचं धूसर दिसायला लागलं होतं. डोळ्यांच्या तपासणीत तक्त्यावरची अक्षरं मी पाठ करून गेलो होतो. नवीन लग्न, क्वार्टर नुकतंच मिळालेलं — गाडीवरून उतरवलं तर काय, या धास्तीने मी गप्प होतो. तशा डोळ्यांनी मी इंजिनावर उभा राहिलो, हा गुन्हा वेगळाच. नाना स्वतः प्रत्येक सिग्नल बघायचे म्हणून निभावलं, माझ्यामुळे नव्हे.

डिसेंबरातली दुपार होती. जळगावच्या अलीकडे आम्ही लूपवर उभे. आभाळ स्वच्छ, फक्त सातपुड्याकडे ढगांचा पातळ पडदा. एक मोठं विमान गेलं, चार रेघा टाकून. नानांनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि म्हणाले, रेघा कशा गुंफतात ते आज नीट बघ. दुर्बिणीचं चाक फिरवलं तसं मलाही स्पष्ट दिसायला लागलं; मी बघत होतो. तेवढ्यात त्याच वाटेने मागून एक लहान विमान आलं, जरा खालून. त्याच्या दोनच रेघा. ते मोठ्याच्या रेघांत शिरलं, आणि — मी दुर्बिणीतून बघत होतो, हे लक्षात ठेवा — त्याचा एक पंख खाली गेला. पार खाली. विमान कुशीवर वळलं, आणि त्याच्या मागची सरळ रेघ खचकन खाली वाकली. मग ते ढगात गेलं.

"हललं! पडनं ते," नाना ओरडले.

"हललं," मी म्हणालो. मोठ्याने. आयुष्यात पहिल्यांदा, स्वतः बघून.

नाना इंजिनावरून उतरले आणि स्टेशन मास्तरांकडे पळत गेले. गाडीवरच्या माणसाला अपघात दिसला तर त्याने तो तत्काळ कळवायचा असतो, त्यात शंभरदा विचार करायचा नसतो. मास्तरांनी कंट्रोलला फोन लावला, कंट्रोलने पुढे. संध्याकाळपर्यंत यावलकडच्या जंगलात माणसं फिरत होती. काही सापडलं नाही. कुठलं विमान हरवल्याचीही खबर नव्हती. ते ढगात सावरून पुढे गेलं असणार. आज मी हे इतकं सहज लिहितो. तेव्हा हे म्हणणारं कुणी नव्हतं. म्हणू शकणारा एकच होता — मी.

चार दिवसांनी आम्हाला साहेबांपुढे बोलावलं. साहेब चिडलेले. मोकळ्या आभाळात, कशाला न धडकता, विमान कुशीवर कसं वळेल? नानांनी रेघांचं सांगायला सुरुवात केली — चारच्या दोन, दोनच्या कड्या. साहेब टक लावून बघत राहिले. वही पुढे ठेवली तर त्यांनी ती न उघडताच बाजूला सारली. मग नाना म्हणाले, मी एकट्याने नाही पाहिलं, साहेब. मी पुकारलं आणि याने परत म्हटलं. आणि माझ्याकडे वळले.

"अशोक, तू बी देखं ना? सांग साहेबले."

त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. का असेल? माझ्यावर त्यांचा भरवसा होता.

माझ्या डोक्यात तेव्हा काय आलं, ते सांगतो. साहेब म्हणणार, दोघांनाही दवाखान्यात पाठवा. तिथे डोळे तपासणार. या वेळी तक्ता दुसरा असला तर? एवढंच. एवढा लहान विचार.

मी म्हणालो, "मला काही दिसलं नाही, साहेब." साहेबांनी विचारलं, मग परत पुकारलंस ते? मी म्हणालो, "मी काही बोललोच नाही."

बघा, मला "दिसलं नाही" वर थांबता आलं असतं. तेवढ्याने नाना चुकीचं बघणारे ठरले असते, फार तर ताकीद मिळाली असती. पण मी बोललोच नाही म्हटल्यावर ते नसलेलं ऐकणारेही ठरले. अशा माणसाच्या हाती गाडी कोण देईल? साहेबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नानांना डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. दोन-तीन वाऱ्या झाल्या आणि त्यांना गाडीवरून कायमचं उतरवून स्टोअरला बसवलं, इंजिन पुसायचं सूत आणि तेल वाटायला. वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. कॉलनीतली पोरं मागून "विमान आलं" म्हणून ओरडायची.

तुम्ही म्हणाल, भीतीने माणूस बोलून जातो. इथवर मीही स्वतःला तेच सांगत आलो होतो. पण पुढचं ऐका.

महिन्याभराने मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. अक्का, म्हणजे नानांच्या बायको, आत चहा ठेवत होत्या. बाहेर आम्ही दोघंच. नाना रागावले नव्हते — रागावले असते तर मी मोकळा झालो असतो. ते खाली मान घालून हळूच म्हणाले,

"अशोक, खरं सांग. तू 'हललं' म्हने ना? मी ऐकं होतं रे. का मना कानच फिरना?"

तिथे साहेब नव्हते. दवाखाना नव्हता. माझ्या नोकरीला कसलाही धक्का नव्हता. फक्त त्या माणसाला विचारायचं होतं की आपलं डोकं ठिकाणावर आहे का.

मी म्हणालो, "नाही, नाना. मी काही म्हटलं नव्हतं."

का म्हणालो? मला माहीत नाही. एकदा बोललेलं खोटं परत घ्यायची लाज वाटली असेल. त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाले. आणि मला चहा दिला.

त्यानंतर नानांनी वर बघणं सोडलं. वही बंबात घातली, असं अक्कांनी सांगितलं. आधी नुसतं विमानांचं होतं, मग सगळ्याचंच झालं. भोंगा झाला का, दारावर कुणी आलं का, हे ते अक्कांना विचारून घ्यायचे, मगच उठायचे. सहा महिन्यांनी मी स्वतः अर्ज देऊन गाडीवरून उतरलो — डोळे फारच गेले, आणि नव्या ड्रायव्हरबरोबर उभं राहायची हिंमत होईना. मला कुणी काही म्हटलं नाही. चष्मा मिळाला, बुकिंगची खुर्ची मिळाली. क्वार्टरही गेलं नाही. म्हणजे ज्याच्यासाठी मी हे केलं, ते सगळं खरं बोलूनही मला मिळणारच होतं.

नाना ब्याण्णवला गेले, पाचोऱ्याकडच्या घरी. अक्का तिथेच असतात. नाना गेल्यापासून मी तिथे तीनदा गेलो, प्रत्येक वेळी सांगायचंच असं ठरवून. दोनदा चहा पिऊन, नानांच्या आठवणी काढून परत आलो.

तिसऱ्यांदा गेलो तो मागच्या दिवाळीनंतर. त्यांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. अक्का मला दारापर्यंत पोचवायला आल्या, आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं, आणि आवाज खाली आणून विचारलं,

"भाऊ, तुम्ही त्यासना संगे राह्यनात म्हनीसन इचारस. हाऊ डोकाना आजार पोरेसमा उतरस का?"

मी म्हणालो, "नाही अक्का, नाही उतरत."

आणि बस गाठायची आहे असं सांगून निघालो.