गोदा म्हणे

राजादादा गेल्याचं मला गाण्यावरून कळलं. तारनाक्याच्या घरी सकाळी चहा गाळत होते, तेवढ्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. त्याच्या फोटोभोवती फुलं, खाली ‘लोकगायक राजाभाऊंना अखेरचा जयभीम’, आणि मागे आमचं जात्याचं गाणं. मी ते शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकलं. त्यात कुणाचं नाव येतं ते ऐकायचं होतं... त्याचंच आलं. मला आधी राग आला आणि मग रडू. आता महिना उलटून गेला, तरी क्रम तोच आहे.

दादा माझा मावसभाऊ. नांदेडकडच्या खेड्यातून शिकायला म्हणून मलकपेठच्या आमच्या दोन खोल्यांत आला आणि माझ्या आईचाच मुलगा होऊन राहिला. शिकला बेताचंच, पण गळा असा की गल्लीतली भांडणं थांबायची. आई, गोदावरी तिचं नाव, दळायला बसली की स्वतःच्या ओव्या रचायची. हा भिंतीला टेकून ऐकायचा, रिकाम्या डब्यावर ठेका धरून त्यांना चाल लावायचा. पुढे त्यानं गायन पार्टी काढली, मी कोरसात. त्यानं स्वतःही पुष्कळ गाणी लिहिली आणि चांगली लिहिली, ते मी नाकारणार नाही. इथल्या दख्खनी उर्दूतले शब्द मराठीत असे बसवायचा की आमचे तेलुगू शेजारीसुद्धा मान डोलवायचे. पण फर्माईश यायची ती आईच्या गाण्याची.

आमच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफतात, ती त्याची सही. म्हणून हे गाणं असं संपायचं: ‘दळण उरकलं बाई, पाटी लेकीची भरली, गोदा म्हणे, बाई, माझी रात आता सरली.’ ती लेक म्हणजे मी. पहिली ओळ दादा म्हणायचा, मग पेटीवरचा उजवा हात उचलून माझ्याकडे करायचा आणि सहीची ओळ माझ्याकडून म्हणवून घ्यायचा. जयंतीच्या कार्यक्रमात आई पुढच्या रांगेत पदर सावरून बसलेली असे. स्वतःचं नाव आलं की ती खाली बघायची.

मग गाण्याचं रेकॉर्डिंग झालं. मी शिकवायचे त्या जामबागच्या शाळेत परीक्षा सुरू होत्या, शिक्षिकेला रजा कुठली मिळणार! माझ्याशिवाय झालं, आणि सीडीवर ऐकलं तर ‘राजा म्हणे’. मी जाब विचारला.

“सुशे, कायकू दिल पे लेती?” दादा म्हणाला. “गोदा कोण, लोकान्ला काय मालूम? त्यांना गाणाऱ्याचं नाव पाहिजे.”

“आणि आईला काय सांगशील?”

“मावशी माझीच आहे की.”

चालीत बसत नव्हतं, असं तरी म्हणायचं... तेही नाही, दोन्ही नावं दोनच अक्षरांची. ज्यानं जन्मात जात्याचा खुंटा धरला नाही, तो गावभर सांगत सुटला की माझं दळण उरकलं! आईनं ते एका लग्नाच्या मांडवात ऐकलं. “विसरला वाटतं,” एवढंच म्हणाली, आणि तो घरी आला की त्याच्या आवडीची तिळाची चटणी कुटत राहिली. मी कोरस सोडला. आईनं त्याला सोडलं नाही.

आई गेली तेव्हा पुण्यानुमोदनाला त्यानं हेच गाणं म्हटलं. मला वाटलं, आज तरी. पण आईच्या फोटोसमोर बसून तो ‘राजा म्हणे’ म्हणून गेला. त्याच्या लक्षातही आलं नाही. पंगतीत मी सांगितलं तेव्हा त्यानं हातातला घास ताटात ठेवला. “तोंडात बसलंय गं... आता बदलतो,” म्हणाला. बदललं नाही. परक्यानं गाणं चोरलं असतं तर चारचौघांत भांडले असते, पण कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची? त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही.

त्याच्या शोकसभेला मलकपेठच्या विहारात गेले. वहिनीनं हात धरला, “सुशाताई, शेवटचं कडवं तुम्ही म्हणा.” मी उभी राहून ‘गोदा म्हणे’ म्हटलं आणि जमलेल्या सगळ्यांनी ‘राजा म्हणे’ म्हटलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, त्यांना तेवढंच ठाऊक होतं. त्या आवाजात माझ्याच तोंडचं आईचं नाव मला ऐकू आलं नाही.

नंतर वहिनीनं त्याच्या अलीकडच्या एका कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला. दादा थकलेला दिसतो, गळा मात्र तोच. शेवटचं कडवं येतं, पहिली ओळ होते आणि त्याचा उजवा हात पेटीवरून उठून बाजूला जातो, मी बसायचे तिकडे. तिथे आता नुसता स्पीकरचा खांब आहे. हात क्षणभर तसाच थांबतो, मग तो स्वतःच ओळ म्हणतो. म्हणजे इतकी वर्षं त्यानं माझी जागा मोकळी ठेवली आणि आईची घेऊन टाकली... याला काय म्हणावं, मला कळत नाही. मी त्याला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण दुपारचा चहा झाला की तो व्हिडिओ लावते. हात उठला की आवाज बंद करते. पडद्यावर दादाचे ओठ हलत असतात, आणि मी म्हणते, ‘गोदा म्हणे, बाई...’