ऑन अ फ्रायडे

इंग्रजीतल्या एका अक्षरापायी मी माझ्या मुलीचं लग्न मोडत आणलं होतं. तंजावुरात चौतीस वर्षं इंग्रजीचा मास्तर होतो. हे काम दुसऱ्या कुणाला जमलंही नसतं.

आमच्यातलं, मराठी बोलणारं, शिकलेलं स्थळ इकडे सहजी मिळत नाही. मिळालं ते पापनाशमचं. मुलाच्या वडिलांचा मेसेज आला, अर्थात इंग्रजीत. आमच्या लोकांना मराठी बोलता येतं, लिहिता येत नाही. (इंग्रजी दोन्ही येत नाही, पण ते बिनदिक्कत लिहितात!) मेसेज होता, 'वुई विल कम ऑन अ फ्रायडे टु सी द गर्ल.'

"शुक्रवारी येतात!" बायको हरखली. "रवा संपलाय. सोज्जी-बज्जी करावी लागेल की!" (मुलगी बघायला येणाऱ्यांना इकडे आधी शिरा आणि भजी लागतात. मुलगी नंतर.)

"काही नको," मी तुच्छतेने म्हणालो. "अ फ्रायडे! म्हणजे कुठला तरी एक शुक्रवार. यायचं असतं तर 'ऑन फ्रायडे' लिहिलं असतं. हा सभ्य नकार आहे."

"अहो, त्यांस विचारून तरी बघा!"

"व्याकरणाला काय विचारायचं?"

शुक्रवार उजाडला. मुलगी डोक्यावर वाटीभर तेल थापून बसली होती, कारण शुक्रवार हा इकडे बायकांच्या न्हाण्याचा दिवस. मी ओट्यावर उघडाबंब. दारात गाडी थांबली आणि पाच माणसं उतरली. रेशमी वेष्ट्या (इकडची धोतरं), फळांची तबकं, मल्लिगेचे गजरे!

"आज?" मी किंचाळलो.

"शुक्रवार म्हणून कळवलेलं की हो!" मुलाचे वडील गोंधळले.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने आधी शर्ट चढवला असता. मी आर्टिकल शिकवायला घेतलं!

"तुम्ही 'अ' लिहिलंत. 'अ' म्हणजे अनिश्चित!"

"अय्यो, ते मर्यादेस लावलं हो," ते ओशाळून म्हणाले. "मास्तरांस नुसतं फ्रायडे कसं लिहावं? उद्धट दिसतं."

आदरार्थी आर्टिकल! मी खो खो हसलो. वर त्यांना 'द'चे नियम सांगितले, उदाहरणांसकट. पाहुणे तबकं हातात धरून उन्हात उभे होते आणि दाराआड बायको दातओठ खात होती. शेवटी मुलगीच बाहेर आली, कानावरचे तेलाचे ओघळ पुशीत.

"अप्पा, पुरे. ते आलेत, हे तरी निश्चित आहे की नाही?" मग पाहुण्यांना म्हणाली, "आत या. कापी घ्या."

मुलगा पहिल्यांदाच हसला. माझी मात्र तेव्हा कुठे तंतरली.

संध्याकाळी मेसेज आला. हे स्थळ गेलं तर दुसरं नव्हतं, आणि घालवणारा मीच.

"काय लिहिलंय?" बायकोने विचारलं.

मुलगी पसंत होती. तारीख आम्ही ठरवावी. फक्त लग्नपत्रिकेचं इंग्रजी ते लिहून घेतील, मास्तरांनी त्याला हात लावू नये.

चष्मा पुसून तो मेसेज मी चारदा वाचला. त्यात एकही चूक नव्हती!